पुरातलं दुकान आणि सबसिडीचा फॉर्म

कोल्हापुरात २०१९ ला पुराचं पाणी दुकानात, २०२१ ला परत, त्यामुळं आता कुणी विचारलं "भावा, सरकारी मदत मिळंल काय" की मी आधी विचारतो, पंचनामा झालाय का? गाळ काढायच्या आधी भिंतीवरची पाण्याची रेघ दिसंल असे फोटो काढा, भिजलेली बिलं फेकू नका, वाळवून ठेवा, चिखल लागलेलं बिल पण पुरावाच असतोय.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, नसंल तर करून टाका, फी शून्य, एजंट पैसे मागाय लागला तर सरळ उठून या.

आणि पीएमईजीपीच्या, म्हणजे धंद्याच्या कर्जावर सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या योजनेच्या, ३५ टक्के सबसिडीचं जे व्हॉट्सॲपवर फिरतंय ना, ते सगळ्यांना नाही ओ. शहरात जनरलवाल्याला १५ टक्केच, ३५ म्हणजे खेड्यातल्या महिला, एससी, ओबीसी वगैरेंना, आणि मेन म्हणजे ती नव्या धंद्यासाठी हाय, बुडालेलं दुकान उभं करायला नाही. पैसे पण हातात येत नाहीत, बँकेत ३ वर्षं अडकून राहतात, मग कर्जात वळते होतात. लक्ष्मीपुरीतल्या एका दोस्ताला हे सांगितलं तर त्याचं तोंड बघण्यासारखं झालतं! तरी फॉर्म भरलाच गड्यानं, बायकोच्या नावानं, मसाला कांडपाची मशीन टाकतोय म्हणं.