आमची वाटचाल : तिसऱ्या कामापासून

ते आमच्या फर्मचं तिसरंच काम. घरामागचं उघडं अंगण, दिवसभर ऊन खाणारं. विट्रिफाइड, म्हणजे भट्टीत काचेसारख्या घट्ट भाजलेल्या, टाइल्स बसवल्या, सांधे भरले, हिशेब मिटला. दोन महिन्यांनी घरमालकांचा फोन आला, "चालताना टाइल्स वाजतायत हो. आणि मधली एक तडकलीये."

मी आणि धाकटा भाऊ गेलो. तडकलेली टाइल थापीच्या टोकानं अलगद वर आली. पाठ कोरीच्या कोरी, आत्ताच खोक्यातून काढल्यासारखी. खालच्या सिमेंट-वाळूच्या मालावर नख ओढलं तर वाळू सुटून बोटाला लागली. भाऊ काही बोलला नाही. त्यानं घमेलं ओढलं आणि शेजारची टाइल काढायला घेतली. संध्याकाळपर्यंत सगळं अंगण उखडलं. पुन्हा केलं ते पदरच्या पैशानं, आणि त्यासाठी घेतलेलं कर्ज फेडताना दमछाक झाली. पण या धंद्यातलं खरं शिक्षण तिथंच सुरू झालं.

एकाच अंगणात दोन वेगळी दुखणी होती. माल भुसभुशीत झाला तो आमच्या घाईनं. वाळू घमेल्यानं न मोजता फावड्यानं अंदाजे टाकलेली, तीही मातकट. जेवणाच्या सुट्टीत माल आवळून आला, तेव्हा वर पाणी मारून पुन्हा सारखा केला. सिमेंटची पकड पाणी पडल्यापासूनच सुरू होते. एकदा धरू लागलेला माल पाणी घालून मऊ केला की तो हाताला मऊ लागतो, पण त्याची ताकद गेलेली असते. त्यात खालचा कोबा, म्हणजे काँक्रीटचा थर, कोरडा. त्यानं खालून पाणी शोषलं, उन्हानं वरून. सिमेंट पक्कं व्हायला ओल लागते, ती मिळालीच नाही.

टाइलची पाठ कोरी राहिली त्याचं कारण निराळं. विट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. नुसती सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ घोळ, तिला धरणार कशी? तिला पॉलिमर (चिकटपणा वाढवणारं रसायन) असलेलं टाइल अ‍ॅडहेसिव्हच लागतं, तेही दातेरी थापीनं सगळीकडे ओढून. आम्ही चार कोपऱ्यांत चार गोळे आणि मधे एक असं बसवलं होतं. खाली पोकळी राहिली, तिच्यावर खुर्चीचा पाय आला आणि टाइल तडकली.

त्यानंतर काम घेण्याची आमची पद्धतच बदलली. वाळू आली की मूठभर बाटलीत घालून, मीठ टाकलेल्या पाण्यात हलवून ठेवतो. वर गाळाचा जाड थर बसला तर गाडी परत. नव्या काँक्रीटवर २८ दिवसांच्या आत टाइल लावत नाही. या अटीपायी काही कामं हातची गेली, ती जाऊ दिली.

पुढं दुरुस्तीचीच कामं जास्त येऊ लागली. त्यातलं एक विसरत नाही. सहा टाइल्समधून एकच सरळ भेग गेलेली. आधीच्या लोकांनी त्या सहाही दोनदा बदललेल्या. भेग मात्र तिसऱ्यांदा तिथंच. सरळ रेषेतली भेग बहुतेक वेळा टाइलची नसते, खालची असते. उखडून पाहिलं तर बरोबर त्याच रेषेत जुना कोबा आणि नंतर वाढवलेला कोबा एकमेकांना भिडलेले. ४ मीटर काँक्रीट ४० अंशांनी तापलं तर साधारण दीड मिलिमीटर वाढतं. दोन तुकडे आपापलं हलणार आणि वर आपण त्यांना टाइलनं शिवणार, तर टाइलच फुटणार. आम्ही टाइल्सचा सांधा त्या रेषेवर आणला आणि त्यात ग्राउटऐवजी, म्हणजे सांधे भरायच्या कडक लुकणाऐवजी, रबरासारखं लवचीक सीलंट भरलं. भिंतीकडेनंही तशीच फट सोडली. ते अंगण आजही धड आहे.

आता आम्ही सहा जण आहोत. नवा पोरगा आला की पहिला आठवडा त्याच्या हातात थापी देत नाही, हातोडीचा लाकडी दांडा देतो. झालेल्या कामावरची प्रत्येक टाइल त्यानं चारी कोपऱ्यांत आणि मधे वाजवायची. डबडब वाजली तिथं खडूनं फुली. फुली पडलेली टाइल त्याच दिवशी निघते, मग ती कोणीही लावलेली असो. गेल्या महिन्यात दोन फुल्या माझ्याच टाइल्सवर पडल्या, आणि त्या मी काढल्या.