घरात मशीन असताना हातानं का शिवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी मुलांच्या भातुकलीसाठी फेल्टची, म्हणजे जाड, मऊ कापडासारख्या तुकड्यांची, खेळण्यातली भाजी शिवते. ती भाजी पहिल्यांदा हातात घेतली की बहुतेक जण आधी वांग्याचा देठ ओढून बघतात आणि मग हाच प्रश्न येतो: "ताई, घरात मशीन आहे, शिवणही येतं, मग एकेक टाका हातानं कशाला?" हातात भाजी नसली की मला ते नीट सांगता येत नाही. आज भेंडी समोर घेऊनच बसलेय.

मशीनशी माझं वाकडं नाही. आईचं पायमशीन अजून रोज चालतं. साड्यांचे फॉल, ब्लाउज, उशांचे अभ्रे सगळं त्याच्यावरच होतं. पहिली भेंडीही त्याच्यावरच शिवली. त्याचं असं झालं, भाचीच्या मुलीला भातुकली घ्यायला आम्ही तुळशीबागेत गेलो होतो. पितळेची परात, कढई, खलबत्ता, पोळपाट-लाटणं, सगळं मिळालं. घरी येऊन तिनं चूल मांडली, कढई ठेवली आणि म्हणाली, "मावशीआजी, भाजी कुठाय?"

दुसऱ्या दिवशी बोहरी आळीतून हिरवा फेल्ट आणला. दोन तुकडे कापले, उलट्या बाजूनं टीप मारली आणि सुलट करायला घेतलं. बोटभर रुंदीच्या नळीतून तो जाड फेल्ट सुलट होता होईना. झाला, तेव्हा शिलाईसाठी सोडलेली सगळी माया आत गोळा झाली होती आणि भेंडीची फुगीर मिरची झाली होती. मुलीनं ती मुकाट्यानं कढईत टाकली. मला मात्र रात्रभर ती मिरची दिसत राहिली.

फेल्ट हे विणलेलं कापड नाही, तिथेच सगळी मेख आहे. लोकर ओली करून, साबण लावून, दाबून-चोळून तिचे तंतू एकमेकांत गुंतवतात. काश्मीरचा नमदा, म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण, होतो तो याच रीतीनं. बाजारातला स्वस्त फेल्ट पॉलिस्टर किंवा अ‍ॅक्रिलिकचा असतो आणि त्यातले तंतू काटेरी सुयांनी टोचून टोचून गुंतवलेले असतात. दोन्हींत उभा-आडवा धागाच नाही, म्हणून कापलेल्या कडेचे दोरे सुटत नाहीत. मग कड आत दडवायची कशासाठी? कडेला कड लावायची आणि बाहेरूनच काजाचा टाका घालत जायचा. माया नको, सुलट करणं नको.

आता ही भेंडी बघा. खरी भेंडी आडवी चिरली की चकतीला पाच कोन दिसतात. म्हणून माझ्या भेंडीला पाच लांबट पट्ट्या. पाच पट्ट्या जोडल्या की पाच शिवणी येतात, आणि त्या शिवणीच भेंडीच्या धारा होतात. सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घेते, रंग फेल्टपेक्षा थोडा गडद. टोकाकडे टाके जवळजवळ येतात, देठाकडे जरा सैल पडतात. मशीनची टीप सगळीकडे सारखीच पडणार. भाजी कुठेच सारखी नसते.

गाजराला तर शिवण दिसतच नाही, तिथे सगळं काम दोरा ओढण्याचं. पाव वर्तुळ कापून त्याचा कोन शिवायचा, रेक्रॉन, म्हणजे उशीत भरतात तो कृत्रिम कापूस, ठासून भरायचं, तोंडाशी धावदोरा घालून चुण्या ओढून घ्यायच्या. मग अंगावर आडवे छोटे टाके घ्यायचे आणि प्रत्येक टाका किंचित आवळायचा. आवळला की तिथे वळी पडते. किती आवळायचं ते बोटांना कळतं. कमी ओढला तर नुसती रेघ दिसते, जास्त ओढला तर गाजराला कंबर येते. भरलेल्या गाजरावर मशीनचा दाब टेकवणार तरी कुठे?

मटाराच्या शेंगेबद्दल सांगायलाच हवं. सुरुवातीला मी दाणे ग्लू गननं चिकटवत होते. पटकन व्हायचं, दिसायचंही छान. एका घरी दोन वर्षांच्या मुलानं एक दाणा उपटून तोंडात घातला. आईचं लक्ष होतं, तिनं लगेच बोट घालून काढला. तिनं मला फोन केला तेव्हा माझे हातपाय गार पडले. खेळण्यांच्या सुरक्षेची चाचणी घेताना एक छोटं नळकांडं वापरतात, 31.7 मिलिमीटर व्यासाचं. जो तुकडा त्यात पूर्ण बसतो तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायचा नसतो. माझा दाणा त्यात सहज मावला असता. तेव्हापासून दाणे सुटे करतच नाही. पाचही दाणे एका लांब पट्टीतच चुण्या ओढून उठवते आणि ती पट्टी दुहेरी दोऱ्यानं शेंगेला शिवते. वर मी स्वतः ओढून बघते, चांगला जोर लावून. मणी आणि बटणंही तेव्हाच बंद केली. वांग्याच्या देठावरचे काटेसुद्धा आता दोऱ्याच्या गाठीचेच असतात.

लहानपणी आमच्या शोकेसमध्ये सावंतवाडीची लाकडी फळं होती. केळं इतकं खरं, की पाहुणे हात पुढे करायचे. आम्हा मुलांना मात्र हात लावायची परवानगी नव्हती. चितार आळीतल्या त्या कारागिरांनी फळ किती बारकाईनं बघितलं असेल, ते मला भेंडी शिवायला लागल्यावर कळलं. माझी भाजी शोकेसमध्ये ठेवली तरी चालेल, पण ती कढईत पडावी, मळावी, कोमट पाण्यात हातानं धुतली जावी, यासाठी मी ती शिवते. एका भेंडीला दीड तास लागतो. तो मला जास्त वाटत नाही.

सध्या दोडका घेतलाय. त्याला दहा धारा असतात. सहा झाल्यात, सातवीला तो डावीकडे वाकायला लागलाय. काल मंडईतून मुद्दाम वाकडाच दोडका निवडून आणलाय, समोर ठेवून बघायला. आज संध्याकाळपर्यंत त्याची भाजी करायची नाही असं घरात सांगून ठेवलंय.