कुणापासून सुरू करायचं?

सहस्रचंद्रदर्शन किंवा एकसष्टी ठरली, की हॉल आणि केटररच्या पाठोपाठ फोटोंचा व्हिडिओ ठरतो. तो करायला घरातलाच माणूस लागतो, म्हणजे ज्याला 'नाहीतरी तू कॉम्प्युटरपुढेच बसलेला असतोस' असं सांगता येतं तो. आमच्याकडे तो मी.

काम तसं सोपं. व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो टाइमलाइनवर, म्हणजे वेळेच्या पट्टीवर ओढायचा, सुरुवातीला स्केल आणि पोझिशनची, म्हणजे फोटो केवढा आणि कुठे दिसावा याची खूण, एक कीफ्रेम टाकायची, सहा सेकंदांनी दुसरी. सेकंदाला 25 या हिशोबाने मधल्या दीडशे फ्रेम सॉफ्टवेअर भरतं. हाताने कार्टून काढायचे तेव्हा मुख्य चित्रकार हालचालीतली महत्त्वाची चित्रं काढायचा आणि मधली सगळी हाताखालची मंडळी काढायची. ती मंडळी आता कॉम्प्युटरच्या आत बसतात आणि चहा मागत नाहीत.

कॉम्प्युटर नव्हता तेव्हा फोटो टेबलावर आडवा ठेवून वरून कॅमेरा फिरवत. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने 1957 साली तिथल्याच क्लोंडाइक भागात सोन्यासाठी उडालेल्या धावपळीवर माहितीपट केला, तो असाच जुन्या फोटोंवर कॅमेरा फिरवून. पुढे केन बर्न्स या अमेरिकी माहितीपटकाराने अमेरिकेच्या यादवी युद्धावर मालिका केली, ती 1990 साली आली. युद्ध 1861 ते 1865 मधलं, त्याचं चित्रण असणार कुठून? होते ते फोटो. त्यांच्यावरून त्याने कॅमेरा इतका सावकाश फिरवला, की 2003 साली अॅपलने आयमूव्ही या आपल्या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये या करामतीला त्याचंच नाव देऊन टाकलं.

बटण दाबलं की फोटो हलतो. पण कुठून कुठे, हे बटणाला कळत नाही, आणि खरी मजा तिथेच आहे. आमच्या घरातला एक जुना ग्रुप फोटो घ्या. मधे खुर्च्यांवर आजोबा आणि त्यांचे भाऊ, पुढे सतरंजीवर पोरं, मागे बायका उभ्या. फोटोग्राफरने आपला निकाल तेव्हाच देऊन ठेवलाय. पूर्ण फोटोपासून निघून आजोबांच्या टोपीवर जाऊन थांबलं, तर सगळ्यांना ठाऊक असलेलंच पुन्हा सांगितल्यासारखं होतं. म्हणून मी उजव्या कडेपासून निघतो. तिथे दाराच्या चौकटीत अर्धी दिसणारी काकू आहे. कडेवर दुसऱ्याच कुणाचं तरी पोर, आणि नजर कॅमेऱ्याकडे नाही, आत चुलीकडे. तिच्यापासून हळूहळू मागे यायचं. आजोबा येतात, पण शेवटी. हॉलमध्ये 'अगंबाई, ही इथे होती?' असं कुणीतरी म्हणतंच.

यासाठी स्कॅन चांगलं हवं. चार बाय सहा इंचांचा फोटो 300 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 300 ठिपके या हिशोबाने स्कॅन केला तर 1800 बाय 1200 पिक्सेल मिळतात. फुल एचडीची रुंदीच 1920, म्हणजे पडदासुद्धा भरत नाही. काकूच्या जवळ गेलं तर नुसते ठिपके. 1200 वर केला तर नाकातली चमकी दिसते. वेगाचंही तसंच. साधी कीफ्रेम फोटोला धक्का देऊन हलवते आणि धक्का देऊनच थांबवते. राइट क्लिक करून इझ इन, इझ आउट केलं की निघाल्याचं कळत नाही आणि पोचल्याचंही. आणि काही फोटो सरळ स्थिर ठेवावेत. प्रत्येक फोटोत झूम म्हणजे प्रेक्षकांना घाटातल्या एसटीत बसवणं.

हल्ली एआयवाले गेलेल्या माणसाला पापण्या मिटायला आणि हसायला लावतात. मला ते बघवत नाही. माझे आजोबा कधी तसे हसलेच नाहीत. कीफ्रेम निदान बघणाऱ्याची नजर हलवते, आजोबांना हात लावत नाही.

व्हिडिओ आधी ग्रुपवर जातो आणि मामीचा फोन येतो, "अरे, मामांचा फोटो आला कधी, गेला कधी, कळलंच नाही!" मग मामांना दोन सेकंद वाढवून द्यायचे आणि पुढचं सगळं सरकवायचं. गाण्याची लांबी तेवढीच, त्यामुळे कुणाचे तरी दोन सेकंद कापावे लागतात. शक्यतो जे समारंभाला येणार नसतात, त्यांचे.