जाणवलं का?

10 जुलै 2024, बुधवार, सकाळी 7 वाजून 14 मिनिटं. ही वेळ मला नंतर बातम्यांवरून कळली, तेव्हा मी आपला नांदेडच्या आमच्या घरात ओट्यापाशी चहा गाळत होतो आणि गाळून ठेवलेल्या कपातला चहा आपोआप डुचमळायला लागला. पहिला विचार काय आला माहितीये? हात थरथरायला लागलेत, उद्या बीपी चेक करून घेऊ. चाळिशी उलटली की जमीन हलली तरी माणूस आधी स्वतःच्या तब्येतीवरच संशय घेतो. बायकोला वाटलं वरच्यांनी सकाळी सकाळी वॉशिंग मशीन लावलं, त्यांचं मशीन ड्रायरवर गेलं की आमच्या मांडणीतल्या ताटल्या वाजतात हे खरंच आहे, त्यामुळं तिनं वर बघून कपाळाला आठ्या पण घालून झाल्या होत्या. आणि आतल्या खोलीतून आई ओरडली, "कोण पलंग हलवू राहिलं रे?"

तिच्या खोलीत तिच्याशिवाय कोणीच नव्हतं.

मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही एकदमच म्हणालो, जाणवलं का? तोवर सगळं थांबलं पण होतं. लहान भूकंपाची गंमत ही आहे की तो एकट्याला झाला तर होतच नाही, दुसऱ्या कोणीतरी "हौ, मला पण" म्हणावं लागतं, तेव्हा तो भूकंप. तोपर्यंत चक्कर, ट्रक, मशीन, काहीही असू शकतं.

खाली उतरलो तर अख्खी गल्ली रस्त्यावर. समोरचे काका अर्ध्या दाढीला फेस लावलेले, टॉवेल खांद्यावर, आणि काय करत होते तर दाराला कुलूप लावत होते. लावलं, दोनदा ओढून बघितलं, दोन पायऱ्या उतरले, परत वर जाऊन एकदा ओढून बघितलं. घर पडेल म्हणून पळायचं पण पडेपर्यंत चोरी होता कामा नये! हसू आलं खरं, पण मी स्वतः काय घेऊन उतरलो होतो तर गाळणी. बाकी सगळ्यांच्या हातात मोबाईल आणि पायात चप्पल कोणाच्याच नाही. कोपऱ्यावरच्या ताई गाऊनवर ओढणी घेऊन, एका हातानं शाळेच्या ड्रेसातल्या पोराचं बखोट धरून उभ्या, आणि पोरगा डोळे चमकवत विचारतोय, "मम्मी, आज शाळेला सुट्टी?"

कोणीच घरात परत जाईना, आणि त्याला कारण होतं. त्याच वर्षी मार्चच्या 21 तारखेला पहाटे 6 वाजून 8 मिनिटांनी एक धक्का बसला होता, लोक बाहेर आले, हसले, आत गेले, आणि 10-11 मिनिटांनी दुसरा बसला. पहिला 4.5 चा, दुसरा 3.6 चा. तेव्हापासून आमच्या गल्लीत भूकंप जोडीनं येतो असा सिद्धांत पक्का झालाय. त्यामुळं सगळे मोबाईलमधल्या घड्याळाकडे बघत दुसऱ्याची वाट बघत उभे, लोकल लेट असल्यासारखे. अर्धा तास झाला, दुसरा काही आला नाही, तेव्हा काका चक्क नाराज दिसले.

एव्हाना फोनवर धो धो सुरू झालं होतं. हिंगोलीला जाणवला, परभणीला जाणवला, पुण्यातल्या मेहुण्यानं तर आम्हाला जाणवायच्या आधीच मेसेज टाकला असावा अशा वेगानं विचारलं, सगळे ठीक ना. केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याला, तीव्रता 4.5. सगळ्यात वाईट अवस्था ज्यांना जाणवलाच नाही त्यांची. माझा एक मित्र तेव्हा बाईकवर होता, बाईकवर काय कळणार, आमच्या रस्त्यांवर तर रोजच 4.5 असतो. तो बिचारा दिवसभर ऑफिसात गप्प. संध्याकाळी म्हणाला, "तसं मला वाटलं होतं काहीतरी, चाक ओढल्यासारखं झालं." म्हटलं हौ, तोच. कशाला कोणाचं मन मोडा.

आई मात्र खाली आली नव्हती. पलंगावरच बसलेली, पाय वर घेऊन. आमच्याकडं भूकंप म्हटलं की साठीच्या पुढच्या माणसांना एकच शब्द आठवतो, किल्लारी. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र, लोक दमून झोपलेले. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडं आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद, उन्हाळ्यात थंडगार घर, तेच अंगावर आलं. 52 गावं भुईसपाट झाली. आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं, तसं लांब, आम्हाला भिंतीच्या भेगांवर सुटलं, पण त्यानंतर महिनाभर अख्खं गाव अंगणात बाजा टाकून झोपलं. मी चौथीत होतो, मला ती चैन वाटायची.

वडिलांनी तेव्हा एक यंत्र बनवलं होतं. पितळी तांब्या पालथा घालायचा, त्याच्या बुडावर दुसरा पालथा, त्यावर स्टीलची वाटी. जमीन हलली की हे सगळं पडणार, आवाज होणार, आपण उठणार. बाहेरच झोपलो होतो तर उठून करणार काय होतो हे कोणी विचारलं नाही. एका रात्री मांजरानं वाटी पाडली. खण्णकन आवाज झाला आणि वडील "पळा" म्हणून ओरडले, की शेजारचे, त्यांच्या शेजारचे, असं करत वेशीपर्यंत माणसं उठून मारुतीच्या पाराकडे पळाली. तिथं सगळे एकमेकांना विचारत होते, जाणवलं का? आणि ऐका, निम्मे लोक म्हणाले, हौ, चांगलाच जाणवला. एका आजोबांनी तर तो किती सेकंद होता ते पण सांगितलं. वडिलांनी मांजराचं नाव शेवटपर्यंत काढलं नाही.

तर आई. तिला मी समजावत होतो की 4.5 आणि किल्लारीचा 6 च्या वरचा, आकडे जवळचे वाटतात पण एका आकड्याला ऊर्जा तीसेक पट वाढते, म्हणजे हा त्याच्यापुढं काहीच नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "त्याला माहितीये का हे?"

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन. ते कळमनुरी तालुक्यातच, म्हणजे ऐन केंद्राच्या जवळ, आधी जमिनीतून गुरगुर आवाज आला मग हादरलं म्हणाले, पण त्यांची काळजी वेगळी. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाचं आवाहन आलं होतं की पत्र्यावर ठेवलेले दगड काढून टाका, धक्क्यानं डोक्यात पडतील. त्यांच्या शेतातल्या आखाड्यावरच्या शेडला चांगले पंचवीस-तीस दगड, त्यांनी मार्चमध्ये सगळे उतरवले, आणि जूनच्या वावधानात दोन पत्रे उडून शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये. मग पुन्हा चढवले. आता पुन्हा हा.

"जावईबापू, तुम्ही शिकलेले, दगड काढू का राहू देऊ?"

मी म्हटलं मामा, हुक मारून घ्या पत्र्यांना. ते म्हणाले ते दिवाळीनंतर बघू, आजचं सांगा, आभाळ भरून आलंय.

मी बायकोकडं बघितलं, तिनं आईकडं, आईनं पंख्याकडं. शेवटी काय केलं म्हणून रात्री विचारलं तर सासूबाईंनी सांगितलं, निम्मे काढले. गाय बांधतात तिकडचे.