पल्लडमला ब्रॉयलर फार्म बघायला जाताय? हे वाचून जा

मंडळी, पल्लडमला जाऊन आलो एकदाचं. तमिळनाडूतला ब्रॉयलरचा (मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांचा) रेट जिथून निघतो ते हे गाव. पुण्याहून कुर्ला-कोईमतूर एक्सप्रेसने तिरुपूरला उतरायचं, पुढे बस सारख्या असतात. हिंदी फारशी चालत नाही, त्यामुळे ओळखीचा सुपरवायझर किंवा कोंबड्यांचा डॉक्टर आधीच गाठून ठेवा, नाहीतर गेटवरूनच परत याल.

आधी लहान पिल्लांचं शेड. आदल्या दिवशी उतरवलेली पिल्लं एकेक उचलून सुपरवायझर गळ्याखालची पिशवी चिमटीत दाबून बघत होता, मलाही बघायला लावलं. लापशीसारखी मऊ भरलेली पाहिजे, कडक लागली म्हणजे दाणा खाल्लाय पण पाणी प्यायलं नाही, अन् 24 तासात 95 टक्के पिल्लांची भरलीच पाहिजे म्हणे. कारण या दिवसात आतडं बाकी अंगापेक्षा झपाट्याने वाढतं आणि पोटात दाणा गेला तरच नीट वाढतं, म्हणून 40-42 ग्रॅमचं पिल्लू 7 दिवसात चौपटीच्या वर गेलं पाहिजे, तिथे मागे पडलं तर पुढे कितीही फिनिशर (शेवटच्या टप्प्यातलं खाद्य) ओता, तो फरक सहसा भरून निघत नाही.

खरी मजा मोठ्या पक्ष्यांच्या शेडमध्ये. खाली नारळाच्या काथ्याचा भुगा, त्यातली विष्ठा काडीने फोडून दाखवली तर आत मक्याचे कण जसेच्या तसे! खाद्य न पचताच बाहेर पडतं, याला ते फीड पासेज म्हणतात. न पचलेलं प्रोटीन आतड्यात मागे गेलं की त्यावर क्लॉस्ट्रिडियम नावाचा जिवाणू पोसतो, आतड्याचं अस्तर खराब, लिटर (खाली अंथरलेला भुगा) ओलं, अमोनिया वाढतो अन एफसीआर (किलोभर वजनाला किती किलो खाद्य लागलं तो हिशोब) बसतो बोंबलत. कारणं बरीच: कॉक्सी (आतड्यातल्या परजीवीचा रोग), बुरशी लागलेला मका, नीट न भाजलेली सोया (कच्च्या सोयात ट्रिप्सिन अडवणारा घटक असतो, तो उष्णतेनेच जातो). अगदी बारीक दळलेलं खाद्यही चांगलं नाही. दोन मेलेले पक्षी उघडून दाखवले, भरड खाणाऱ्याचा पेटा (दाणा दळणारा पोटाचा भाग) घट्ट, मोठा, आणि पीठ खाणाऱ्याचा लहान, लिबलिबीत. फॉस्फरसही खाद्यात असून पचत नाही, मका-सोयातला दोन तृतीयांश फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, म्हणून तो सोडवणारं फायटेज हे एन्झाइम खाद्यात घालतात.

आपल्याकडे पोत्यावर फक्त "प्रोटीन किती टक्के" बघतात. तो आकडा नायट्रोजन मोजून काढलेला असतो हो, त्यातलं पचतं किती ते पोतं सांगत नाही! डीलरला हे विचारून बघा, बहुतेक विषय बदलेल.

एप्रिल-मेत जाऊ नका, पक्षी नुसते धापा टाकतात, खाणं कमी, काही कळत नाही. सकाळी लवकर जा, आधी लहान पिल्लं मग मोठे पक्षी, उलटं कधीच नाही, नाहीतर मोठ्यांचे रोग पिल्लांपर्यंत न्याल. घरी आल्यावर तसेच स्वतःच्या शेडमध्ये घुसू नका, आंघोळ करा, कपडे बदला. चपला स्वस्तातल्या न्या आणि तिथेच टाकून या.