अखेर गिरसप्पा पाहिला!

शाळेच्या भूगोलात गिरसप्पाच्या धबधब्याबद्दल वाचलं, तेव्हापासून तो मनात होता. आज कर्नाटकातल्या जोगला जाऊन डोळे भरून पाहिला. शरावती नदी इथे २५३ मीटर खाली झेपावते. राजा, रोअरर, रॉकेट आणि राणी अशा चार धारांनी. पोहोचलो तेव्हा नुसतं धुकं, दिसत काहीच नव्हतं, फक्त घनगंभीर आवाज. मग वारा सुटला आणि समोर राजा! कड्याला न टेकता थेट दरीत कोसळणारा. अंगावर काटा आला, खरंच.

वर लिंगनमक्कीचं धरण असल्याने उन्हाळ्यात धारा अगदी बारीक होतात. त्यामुळे जायचं तर पावसाळ्यातच जा, आणि धुकं असलं तरी लगेच माघारी फिरू नका. पुढच्या श्रावणात आई-बाबांना घेऊन येणार आहे.