३१० किलोमीटर उरले होते

तुर्भे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी डायग्नोसिसचं काम करते. साध्या सर्व्हिसिंगच्या गाड्या माझ्याकडे येत नाहीत. ज्यांचा दिवा काही केल्या विझत नाही, त्या येतात. जुलैत, भर पावसात आलेली एक गाडी मला सविस्तर लिहून ठेवायची आहे, कारण नव्या डिझेल गाड्यांच्या बाबतीत जे जे बिनसतं ते जवळपास सगळं त्या एका दिवसात समोर आलं.

मोठी डिझेल एसयूव्ही, सात महिन्यांची, नेरूळची. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा आणि खाली मजकूर: ३१० किलोमीटरनंतर इंजिन पुन्हा सुरू होणार नाही. मालकांना दुसऱ्या दिवशी पहाटे सांगलीला निघायचं होतं, आईला उपचारासाठी इकडे आणायला. नेरूळहून सांगली साडेतीनशेच्या आसपास. चालती गाडी ही यंत्रणा मध्येच बंद पाडत नाही; पण आकडा शून्यावर आल्यानंतर एकदा का इंजिन बंद केलं, की ते परत लागत नाही. कऱ्हाड ओलांडून कुठे चहाला थांबले असते तर तिथेच अडकले असते.

याआधी गाडी दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये दोनदा जाऊन आली होती. पहिल्यांदा त्यांनी स्कॅनर लावून कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसला. दुसऱ्यांदा धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा मागचा नॉक्स सेन्सर वॉरंटीत बदलून दिला. दिवा काही दिवस गेला आणि पुन्हा आला. मालक आले तेच तापलेले. "मॅडम, सात महिन्यांची गाडी आहे. सेन्सर नवा टाकला म्हणाले. आता आणखी काय बदलायचं राहिलंय?"

त्यांचा राग मला समजत होता. मी त्यांना बसवलं आणि आधी गाडीत काय चालतं ते सांगितलं, कारण हे त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं.

एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं मानक लागू झालं. डिझेल कारमधून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडची, म्हणजे नॉक्सची, मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली. एवढी घट नुसतं इंजिन सुधारून होत नाही. म्हणून मोठ्या डिझेल गाड्यांत डीईएफची वेगळी टाकी असते. डीईएफ म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. तो गरम सायलेन्सरमध्ये फवारला की त्याचा अमोनिया होतो आणि पुढच्या एससीआर कॅटॅलिस्टमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागात, तो अमोनिया नॉक्सचं साधं नायट्रोजन आणि पाणी करतो. कॅटॅलिस्टच्या आधी एक नॉक्स सेन्सर आणि नंतर एक. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून कॉम्प्युटर ठरवतो की काम होतंय की नाही. होत नसेल तर दिवा लागतो, मग उलटी मोजणी सुरू होते. ही कंपनीची लहर नव्हे, नियमांतच तशी तरतूद आहे.

गाडीत साठलेला कोड होता पी२०ईई. एससीआरची कार्यक्षमता मर्यादेखाली, एवढंच तो सांगतो. कुठला पार्ट खराब आहे हे तो सांगत नाही, आणि आमच्या धंद्यात सगळा घोळ इथेच होतो. कोड वाचायचा, त्यात ज्याचं नाव जवळचं वाटतं तो पार्ट मागवायचा, वॉरंटीत बसवून गाडी सोडायची. काम झाल्यासारखं दिसतं, क्लेमही मंजूर होतो, आणि गाडी महिन्याभरात परत गेटवर.

लॅपटॉप जोडून मी गाडी ठाणे-बेलापूर रस्त्यावर काढली. उभ्या गाडीत हे दुखणं कळत नाही. एससीआर तापल्याशिवाय फवारणीच सुरू होत नाही, त्याला साधारण दोनशे अंश तरी लागतात. घणसोलीच्या पुलावर चढताना तापमान अडीचशेच्या वर गेलं. पुढच्या सेन्सरवर नॉक्स चारशेच्या घरात, मागच्यावर तीनशेच्या वर. यंत्रणा चांगली असती तर मागचा आकडा दोन अंकी असता. डीईएफचा दाब बरोबर होता, पंप ठीक. फवारणीचं प्रमाण मात्र कॉम्प्युटरने वाढवत वाढवत कमाल पातळीला नेलेलं होतं. म्हणजे तो बिचारा आपल्या परीने शर्थ करत होता.

इथे एक गोम असते. नॉक्स सेन्सरला नॉक्स आणि अमोनिया यांतला फरक कळत नाही. डीईएफ जास्त फवारलं गेलं आणि न वापरलेला अमोनिया मागून निसटला, तरी मागच्या सेन्सरचा आकडा वाढतो आणि कोड तोच येतो. म्हणून मी स्कॅनरवरून फवारणी थोडा वेळ बंद केली. अमोनिया निसटत असता तर आकडा खाली आला असता. तो आला नाही, उलट थोडा चढला. म्हणजे मागे येत होतं ते खरंच नॉक्स होतं. बदललेला सेन्सर खरं बोलत होता, आणि बहुधा त्याच्या आधीचाही.

परत येऊन टाकीतलं डीईएफ ड्रॉपरने काढलं आणि दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकले. हे द्रावणातलं युरियाचं टक्क्यांतलं प्रमाण दाखवणारं, हातात मावणारं छोटं यंत्र आहे. डोळा लावून उजेडाकडे धरायचं. आत निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतो ती रेघ कोणत्या आकड्यावर आहे ते वाचायचं. रेघ १९ वर होती. यंत्राचीच चूक नको म्हणून काच पुसली आणि आमच्या स्टोअरमधल्या सीलबंद कॅनचे थेंब टाकले. बरोबर ३२.५. पुन्हा गाडीतले. पुन्हा १९. मालकांना बोलावून त्यांच्याच डोळ्यांनी दोन्ही वाचायला लावले.

टाकीत कुणीतरी पाणी मिसळलेलं डीईएफ भरलेलं होतं. काही गाड्यांत द्रावणाची गुणवत्ता मोजणारा सेन्सर असतो, तो हे आधीच पकडतो. या गाडीत फक्त पातळी आणि तापमान मोजणारा होता.

एक कारण सापडलं म्हणजे दुसरं नसेल असं नाही, म्हणून फवारणीचा इंजेक्टरही काढला. त्याच्या तोंडाशी आणि बसायच्या जागेभोवती पांढराशुभ्र थर जमला होता. नखाने खरवडला तर कुरकुरीत. युरियाचे हे खडे कोमट डिस्टिल्ड पाण्यात विरघळतात. पण वाटीच्या तळाशी न विरघळणारी बारीक भुकटी राहिली. ती माझ्या मते नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातल्या क्षारांची. आयएसओ २२२४१ या मानकात डीईएफमधल्या कॅल्शियमची कमाल मर्यादा किलोला अर्धा मिलिग्रॅम आहे. एवढी कडक असायचं कारण हेच की क्षार कॅटॅलिस्टवर बसले तर निघत नाहीत, आणि कॅटॅलिस्ट हा त्या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत महागडा भाग.

मालकांनी ड्रायव्हरला हाक मारली. पन्नाशीचे गृहस्थ, पावसात भिजलेले, गेटपाशी उभे होते. मी विचारलं, "काका, डीईएफ शेवटचं कुठे भरलंत?"

"ताई, साहेबांना उरणला सोडून येत होतो तेव्हा लाइट लागली. कळंबोलीला ट्रकवाल्यांसाठी दुकान आहे, तिथं युरियाचा डबा घेतला. थोडा उरलाय, डिकीत आहे."

डबा त्यांनीच काढून आणला. निळं झाकण, पण झाकणाखालची सीलची कडी नाही. लेबल साध्या कागदाचं, बॅच नंबरची शाई पसरलेली. त्यातले दोन थेंब: १९.

मालक त्यांच्यावर ओरडले. माझ्या पाच-पन्नास हजारांची वाट लावलीस, वगैरे. मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, गाडी घेतली तेव्हा यांना हे कुणी दाखवलं होतं का?"

काकाच म्हणाले, "शोरूमवाल्यांनी साहेबांच्या मुलाला गाणी कशी लावायची, काच कशी उघडायची ते सगळं दाखवलं. मला म्हणाले, निळं झाकण युरियाचं, लाइट लागली की भरायचं. मी भरलं."

त्यांना जेवढं सांगितलं होतं तेवढं त्यांनी केलं होतं. वीस लाखांची गाडी ताब्यात देताना सनरूफला अर्धा तास आणि डीईएफला एक वाक्य, हे मी अनेक डिलिव्हरींत पाहिलेलं आहे, आणि मला ते अजिबात पटत नाही. गाडी जो चालवतो त्याला बाजूला उभं करून मालकाच्या कुटुंबाचे फोटो काढले जातात. नंतर बिघाड झाला की दोष त्याच्या माथी. मालक शांत झाले. थोड्या वेळाने त्यांनी काकांना आत येऊन बसायला सांगितलं.

एवढ्यात त्यांच्या मेव्हण्यांचा फोन आला, स्पीकरवर. "कशाला त्या वर्कशॉपच्या नादी लागताय? बायपास करून टाका. सॉफ्टवेअर मारलं की ना युरिया भरायला नको, ना लाइट." मालकांनी माझ्याकडे पाहिलं.

हे मी करत नाही, आणि का करत नाही ते त्यांना नीट सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असे फेरफार करता येत नाहीत, वॉरंटी जाते, हे तर आहेच. पण माझं खरं कारण वेगळं आहे. नॉक्स डोळ्यांना दिसत नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची घनता मोजतात, नॉक्स मोजत नाहीत. म्हणजे बायपास केलेली गाडी दर वेळी हिरवं सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडेल आणि रस्त्यावर कितीतरी पट नॉक्स सोडत राहील. २०१५ साली अमेरिकेत फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीस आलं तेही असंच. चाचणीच्या खोलीत गाड्या नियमात बसत होत्या, रस्त्यावर मोजलं तेव्हा खरं कळलं. आपल्याकडेही एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांना प्रत्यक्ष रस्त्यावरच्या उत्सर्जनाची अट आली ती म्हणूनच. तुर्भे-महापे पट्ट्यात मी रोज श्वास घेते. ज्या आईला ते आणायला चालले होते तीही इथलीच हवा घेणार होती. हे मी त्यांना तसंच बोलून दाखवलं. त्यांनी फोन बंद केला.

मग प्रश्न आला पैशांचा. भेसळीचं डीईएफ वॉरंटीत बसत नाही. "आणि सेन्सर उगाच बदलला तेव्हा वॉरंटी बसली?" मालकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. मी जॉब कार्डवर सगळं जसंच्या तसं लिहिलं: आकडे, डब्याची अवस्था, आणि आधीच्या दोन्ही भेटींत द्रावण तपासल्याची नोंद नाही हेही. आमच्या मॅनेजरांनी ते वाचून मजुरी माफ केली. मालकांनी डीईएफ, फिल्टर आणि गॅस्केटचे पैसे दिले.

काम वेळखाऊ होतं. टाकी पूर्ण रिकामी केली, धुतली, फिल्टर बदलला, पाइप ताज्या डीईएफने फ्लश केले, इंजेक्टर साफ करून नव्या गॅस्केटवर बसवला. फवारणीची चाचणी मापाच्या भांड्यात घेतली. जेवढं सांगितलं तेवढं भरलं. कॉम्प्युटरने शिकून ठेवलेलं वाढीव प्रमाण शून्यावर आणलं. हे राहिलं तर चांगलं डीईएफसुद्धा जास्त फवारलं जातं आणि खडे परत जमतात.

तेवढ्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तोही पाहून घेतला. काजळी बरीच भरलेली होती आणि डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या थोडं वर. बहुतेक फेऱ्या नेरूळ ते बेलापूर एवढ्याच असलेल्या गाडीत हे होणारच. काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्यासाठी गाडी जादा डिझेल मारते, मधेच इंजिन बंद केलं की जळणं अर्धवट राहतं आणि थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. सांगलीच्या प्रवासात काजळी जळून जाईल, पण ऑइल आल्यावर बदला, असं सांगितलं. ज्यांची रोजची धाव तीन-चार किलोमीटरची आहे त्यांनी डिझेल घेऊच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. गाडी विकणाऱ्यांनी ते विकायच्या आधी सांगायला हवं.

रात्री आठनंतर पुन्हा त्याच रस्त्यावर निघाले, या वेळी शेजारी मालक आणि मागे काका. पाऊस थांबला नव्हता. घणसोलीचा पूल चढताना पुढचा सेन्सर चारशेच्या घरात होता, मागचा हळूहळू उतरत गेला आणि वीस-तीसच्या मध्ये स्थिरावला. कॅटॅलिस्ट वाचला होता. ऐरोलीहून वळून येईपर्यंत एससीआरची तपासणी पूर्ण झाली आणि मीटरवरचा मजकूर गेला. "ताई, म्हणजे आता सांगलीला बिनधास्त?" काकांनी विचारलं. बिनधास्त, म्हटलं.

उतरताना काकांना सीलची कडी कशी असते ते नव्या कॅनवर दाखवलं. पेट्रोल पंपावरून किंवा अधिकृत डीलरकडूनच घ्या, बिल घ्या, आणि उघडण्याआधी सीलचा आणि बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा. त्यांनी तिथेच पहिला फोटो काढला.

डब्यातल्या द्रावणाचा नमुना मी बाटलीत सील करून अहवालासोबत कंपनीच्या तांत्रिक विभागाकडे पाठवला. आमच्या शोरूमशीही बोलले. डिझेल गाडीच्या डिलिव्हरीला आता मी किंवा माझा सहकारी खाली जातो आणि जो चालवणार आहे त्याला डीईएफ आणि डीपीएफ समजावून सांगतो. डिलिव्हरीच्या कागदावर ड्रायव्हरच्या सहीलाही जागा असावी, ही माझी दुसरी मागणी मात्र अजून मान्य झालेली नाही. पुढच्या बैठकीत ती पुन्हा मांडणार आहे.